जरा आजारी दिसा

टण्ण!

स्टीलच्या पेल्यावर चमचा आपटला आणि घरातली शांतता मोडली. आईच्या दंडावर डोकं टाकून झोपलेल्या भिंगरीने झोपेतच तोंड वाकडं केलं आणि पुन्हा घोरायला सुरुवात केली. पाच वर्षांची पोर, पण घोरणं थेट आजोबांच्या वळणावर गेलेलं. काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं सरकवावं तसा तिने आपला हात लेकीच्या मानेखालून हळूहळू सोडवून घेतला. हाताला मुंग्या आल्या होत्या. त्या झटकायलाही वेळ मिळाला नाही, पलीकडच्या खोलीतून परत टण्ण.

"आले हो बाबा, आले," ती कुजबुजली.

झटका आल्यापासून सासऱ्यांची उजवी बाजू आणि जीभ, दोघींनी एकदमच संप पुकारला होता. तेव्हापासून पेला आणि चमचा हीच त्यांची भाषा. एकदा वाजला की 'ये'. दोनदा वाजला की 'अजून आली नाहीस?' आणि शाळा सुटल्यासारखा वाजतच राहिला, तर टीव्हीवर बातम्या थांबून जाहिराती लागल्या आहेत आणि सून असूनही त्या बंद होत नाहीत, हा सरळ सरळ आरोप.

बाबा पलंगाच्या कडेला तयार होऊन बसले होते. शर्टाची बटणं एका डाव्या हाताने लावलेली, त्यामुळे सगळी एकेक घर खाली घसरलेली. केसांना पाणी लावून भांगही पाडला होता. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "गा... गाडी."

"बाबा, अजून दूधसुद्धा आलेलं नाही. आणि गाडी कोण आणणार? मीच ना? मग मी दात घासल्याशिवाय ती कशी येईल?"

बाबांनी जरा विचार केला. मुद्दा पटला असावा. तरी मान राखायला म्हणून त्यांनी पेला एकदा हलकेच वाजवला.

ती हसत त्यांची बटणं सोडवून पुन्हा लावायला बसली खरी, पण लक्ष सगळं दुसरीकडे होतं. आज गाडीत तपासणीचा साहेब बसणार होता.

गाडी म्हणजे पांढरी, पोट सुटलेली, मागे व्हीलचेअर वर घेणारी लिफ्ट असलेली. लिफ्ट वर जाताना असा काही हंबरडा फोडायची, की सगळ्यांनी तिचं नाव 'हत्तीण' ठेवलं होतं. हत्तीण सरकारी अनुदानावर चालायची. ज्यांना वय झाल्यामुळे किंवा अपंगत्वामुळे साध्या बसची पायरी चढता येत नाही, अशांना दारातून उचलायचं आणि दारात आणून सोडायचं, हे तिचं काम. आणि ती चालवायची हे हिचं. माहेरी मालाचा टेम्पो होता. इतर मुली सायकल शिकत होत्या त्या वयात हिने तो अंगणातून मागे-पुढे करायला सुरुवात केली होती. लग्न झालं, भिंगरी झाली, नवरा परगावी नोकरीला लागला आणि एक दिवस या गाडीच्या कार्यालयाला चालक हवाय असं कळलं. मुलाखतीत विचारलं, "एवढी मोठी गाडी झेपेल?" ती म्हणाली, "पोर रडत असताना, एका हातात पोळी घेऊन चालवायची असेल तर सांगता येत नाही. नुसती चालवायची असेल तर झेपेल."

बाबा त्याआधी वर्षभर भिंतीकडे तोंड करून बसलेले. एके काळी छापखान्यात फोरमन होते. आवाज असा, की मशीनं चालू असतानाही शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा. तो माणूस गप्प बसला आणि घरालाच झटका आल्यासारखं झालं. मग सुनेने त्यांना हत्तिणीत घातलं. रीतसर फोन करून, नाव लावून, इतर कुणासारखंच. पहिल्याच फेरीला ते दवाखान्यात गेले, तपासणी झाली आणि परतीच्या गाडीची वाट बघत कँटीनमध्ये बसले असताना शेजारच्या टेबलावर पत्त्यांचा डाव चालला होता. कुणीतरी पत्ते वाटता वाटता चांगला पत्ता हळूच आपल्याकडे सरकवला. आणि बाबा, ज्यांनी वर्षभर 'आ' आणि 'ऊं' च्या पलीकडे काही उच्चारलं नव्हतं, ते खणखणीत आवाजात म्हणाले, "लबाड!"

ती त्यांना न्यायला कँटीनच्या दारात आली होती; तिने ते आपल्या कानांनी ऐकलं. डॉक्टरांनी जे सहा प्रकारच्या गोळ्यांनी केलं नाही, ते एका पत्ते पिसणाऱ्या लबाड माणसाने केलं.

तो लबाड माणूस म्हणजे प्रॉम्प्टरकाका. उभं आयुष्य नाटकाच्या विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं कुजबुजण्यात गेलेलं. रंगमंचावर एकदाही पाऊल नाही, पण सगळी नाटकं पाठ. पुढे काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. तरी ते पत्ते खेळायचे, कारण शिंपीणताईने आख्खा जोड सुईने टोचून ठेवला होता. एक्क्याला एक टोचा, राणीला कोपऱ्यात तीन, असं. काका बोटांनी वाचत. फक्त त्या दिवसापासून पत्ते पिसायचं-वाटायचं काम त्यांना कधीच दिलं जात नव्हतं, कारण वाटता वाटता सगळ्यांचेच पत्ते वाचून होत.

बाबा धरून त्या टेबलाची चौकडी झाली; शिंपीणताई तिच्यात वयाने सगळ्यात लहान. दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने नेलेले, कुबड्या बगलेत आणि सुई जिभेवर. चौथी हॅलोमावशी. कानाने पार गेलेली. कुणीही काहीही बोललं की मावशी मान वाकडी करून विचारायची, "हॅलो?" म्हणून हे नाव.

तर दर आठवड्याला ठरल्या दिवशी ही चौघं हत्तिणीत बसून दवाखान्यात जात, आणि दवाखान्याच्या कँटीनमधल्या कोपऱ्यातल्या टेबलावर दुपारपर्यंत पत्ते कुटत. दवाखानाच का? कारण अनुदानाचा नियमच तसा होता. गाडी फक्त 'आवश्यक' प्रवासाला. आणि आवश्यक म्हणजे दवाखाना, बँक आणि सरकारी कचेरी. बँकेत चहा मिळत नाही. कचेरीत खुर्ची मिळत नाही. राहिला दवाखाना. खोटं कुणीच बोलत नव्हतं. कुठे जाणार? दवाखान्यात. गेले का? गेले. आत कुठे वळलात, हे कुणी विचारलं नव्हतं.

आता विचारणार होते. अनुदान पुढे चालू ठेवायचं की नाही हे ठरवायला कार्यालयातून एक साहेब गाडीतून हिंडून पाहणार, प्रवासी खरोखर गरजू आहेत का, असा निरोप आला होता. तिचं धाबं दणाणलं. अनुदान गेलं की हत्तीण गेली. स्वतःच्या पगाराचं तिने कसंतरी बघितलं असतं. पण बाबा पुन्हा त्या भिंतीकडे तोंड करून बसणार, हे मात्र तिला बघवलं नसतं.

म्हणून आदल्या दिवशी तिने प्रॉम्प्टरकाकांना फोन केला आणि एकच वाक्य बोलली, "काका, उद्या सगळ्यांनी जरा आजारी दिसा."

 पलीकडून काकांचा आवाज आला. नेहमीचा नव्हेच, कसा तरी भरून आलेला. "पायलट," ते तिला पायलट म्हणत, "तू काळजीच करू नकोस. हे माझ्यावर सोड."

आणि तिने सोडलं. चुकलं ते तिथेच.

*

शेजारच्या वहिनी, ज्या एरवी भिंगरीला सांभाळत, त्या नेमक्या माहेरी गेल्या होत्या. त्यामुळे सकाळी हत्तिणीत पुढच्या सीटवर भिंगरी, मागे पट्ट्यांनी आवळलेल्या व्हीलचेअरमध्ये बाबा आणि त्यांच्या शेजारी साहेब, अशी सुरुवात झाली.

साहेब म्हणजे पंचविशीतला पोरगा. बूट इतके नवे की पाय हलवला की चुंई वाजे. कडक इस्त्री, गळ्यात ओळखपत्र, मांडीवर जाड पुठ्ठ्याला लावलेले कागद. ती मनात म्हणाली, हा वाघ असेल असं वाटलं होतं, हे तर वासरू निघालं.

"मी नुसता बसणार आहे, ताई. तुम्ही रोजच्यासारखं चालू द्या," साहेब म्हणाला. मग भिंगरीकडे बघून, "ही कोण?"

तिची तयारी होती. "ही बाबांची सोबतीण. एका प्रवाशामागे एक सोबती चालतो ना?"

"हो, पण ही..."

"मी आजोबांचं तोंड पुसते," भिंगरीने वळून सांगितलं. "आणि त्यांचं गाणं झालं की पेला काढून घेते."

साहेबाने बाबांकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. तिने आरशातून ते टिपलं आणि तिला हायसं वाटलं. मऊ मनाचा आहे. निभावणार.

पहिला थांबा शिंपीणताईचा. ताई नेहमीसारखी टकटक करत आली, कुबड्या आत फेकल्या आणि हातांवर जोर देऊन सीटवर चढून बसली. तिने आधीच बजावलं होतं, "मी असलं काही करणार नाही. मी पायाने अधू आहे, आजारी नाही. सर्दीसुद्धा मला वर्षातून एकदा होते."

"ताई, तुम्हाला काय त्रास होतो?" साहेबाने मायेने विचारलं.

"मला? लोकांचा."

साहेबाने मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. ड्रायव्हरच्या सीटवरून तिला एवढंच ऐकू आलं, की तो लिहिता लिहिता स्वतःशी म्हणाला, "मानसिक ताण."

पुढे हॅलोमावशी. तिला कुणी काय शिकवलं होतं देव जाणे, ती भर उन्हात कानटोपी घालून आली होती.

आणि मग प्रॉम्प्टरकाका.

एरवी काका पांढरी काठी टपटप वाजवत शीळ घालत यायचे. आज फाटकाला लोंबकळत उभे होते. अंगाभोवती जाड ब्लँकेट, कपाळाला ओला रुमाल, गालाला बहुधा पीठ फासलेलं. तेही एकाच गालाला. दुसऱ्या गालाचं काकांना दिसलं नव्हतं, आणि सांगणारं घरात कुणी नव्हतं. ती धावत उतरली आणि हात धरायच्या निमित्ताने त्यांच्या कानाशी लागली.

"काका, जरा म्हटलं होतं! जरा!"

"प्रेक्षक कुठल्या बाजूला बसलाय?" काका ओठ न हलवता म्हणाले.

"डावीकडे. पण काका..."

"कितव्या रांगेत?"

"अहो, गाडी आहे ही!"

"बस. आता बोलू नकोस. पडदा वर गेलाय." आणि त्यांनी असा काही उसासा सोडला, की रस्त्यावरचं कुत्रं उठून उभं राहिलं.

हत्तीण निघाली. काकांनी सगळ्यांना आजार वाटून दिले होते, आणि त्यांना दिसत नसल्यामुळे ते सगळे आजार आवाजाचे होते. मावशीला कण्हणं. स्वतःला खोकला, धाप आणि अधूनमधून शेवटचे शब्द. बाबांना काहीच नाही. "फोरमन आहे तसाच बरा दिसतो," असं काका म्हणाले होते, आणि तेव्हापासून बाबा फुगून बसले होते.

सगळं एक वेळ जमलं असतं. पण हाडाचा प्रॉम्प्टर, त्याला स्वस्थ कसं बसवणार? पहिल्या वळणावरच गाडीत कुजबुज सुरू झाली. "मावशी... कण्हा." मावशी खिडकीबाहेर बघत होती. "मावशी, कण्हा... आता... कण्हा." काका आवाज चढवत गेले. "डोळे मिटा... हात छातीवर..."

"हॅलो?" मावशी म्हणाली.

साहेब घाबरून पुढे सरकला. "ताई! हे आजोबा काहीतरी बरळतायत. कण्हा म्हणतायत, डोळे मिटा म्हणतायत. ताप डोक्यात गेला की काय?"

"त्यांचं... ते नेहमीचंच आहे," ती म्हणाली. खरंच होतं ते.

तेवढ्यात मावशीला आपलं काम आठवलं. तिने जे कण्हायला घेतलं ते थांबेचना, कारण स्वतःचंही तिला ऐकू येत नव्हतं. त्या सुरात काका खोकले. मावशीने खोकला ऐकला नाही पण काकांचं हलणारं ब्लँकेट पाहिलं, आणि चुरशीने आवाज वाढवला. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "अँब्युलन्स आहे तर दिवा का नाही लावला?" शिंपीणताई तोंडावर पदर दाबून खिडकीकडे वळली. तिचे खांदे हलायला लागले.

"रडू नका, ताई," साहेब तिला म्हणाला. स्वतःची पाण्याची बाटली त्याने मावशीच्या ओठांना लावली, आपला स्वच्छ रुमाल काकांच्या कपाळावर ठेवला, आणि एका हाताने काकांची नाडी धरून बसला. काका तर सुखाने गुदमरायचे बाकी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याकडे बघत होतं.

"पायलट," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माझी... टोचलेली राणी... ताईला दे..."

"कोण राणी?" साहेबाने हळूच विचारलं.

"मुलगी असेल त्यांची," ताई पदराआडून म्हणाली आणि पुन्हा खिडकीत तोंड घातलं.

दवाखान्याचा चौक दिसायला लागला तेव्हा साहेबाने कागद बाजूला ठेवले. घसा साफ केला. "ताई, गाडी जरा हळू घ्या. मी ठरवलंय. या गाडीबद्दल काय लिहायचं ते."

तिने वेग कमी केला. 

"ही गाडी बंद झाली पाहिजे."

कण्हणं चालूच राहिलं, कारण मावशीने ऐकलं नव्हतं. बाकी सगळं थांबलं. खोकला अर्ध्यात लटकला.

"माझं मन इतकं हेलावलंय, काय सांगू तुम्हाला," साहेब म्हणाला. "अशा अवस्थेतल्या माणसांना आपण खड्ड्यांतून हिंडवतोय! लाज वाटली पाहिजे आपल्याला. मी आजच लिहून देतो. गाडीचं सगळं अनुदान घरपोच सेवेकडे वळवायचं. डॉक्टर घरी येईल. बँकेचा माणूस घरी येईल. औषधं, दाखले, सगळं घरी. आजोबा, आजी, मी तुम्हाला शब्द देतो. यापुढे तुमच्यापैकी कुणालाही घराबाहेर पाऊल टाकावं लागणार नाही. कधीच!"

त्याचा चेहरा असा उजळला होता, जसं काही त्याने प्रत्येकाच्या हातात घराची किल्ली ठेवली होती. त्याला दिसत नव्हतं, की तो बाहेरून कडी घालत होता.

प्रॉम्प्टरकाकांच्या ओठांची नुसती हालचाल झाली. हजार नाटकं पाठ असलेल्या माणसाला पुढचं वाक्य सापडत नव्हतं. तिला तर रस्ताच दिसेनासा झाला. खरं सांगावं तर फसवणूक; अनुदान गेलं. गप्प राहावं तर घरपोच, तरी गेलं. तिने हत्तीण बाजूला घेऊन थांबवली, आणि गाडी थांबली तरी स्टिअरिंग घट्ट धरूनच बसली.

तेव्हा मागून आवाज आला.

"बा... बा..."

भिंगरी वळली. "आजोबा, आईचे बाबा तर तुम्हीच आहात."

"बा..." बाबांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटत होता. चेहरा लाल झाला होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. त्यांना मदत करायला साहेब वाकला, तर त्याच हाताने त्यांनी साहेबाला दूर सारलं. "बाहेर," ते म्हणाले. दम घेतला. "घरी नाही. बाहेर."

आरशात तिला फक्त त्यांचे डोळे दिसत होते. एका दमात तीन शब्द, तेही एकापुढे एक. झटक्यानंतरचं सगळ्यात लांब वाक्य. ती हसली की रडली ते तिचं तिलाही कळलं नाही, पण सीटबेल्ट सोडून ती मागे वळली आणि म्हणाली, "साहेब, यांच्यातलं कुणीही आज आजारी नाही. मी सांगितलं होतं, जरा आजारी दिसा म्हणून."

साहेबाने एकेकाकडे पाहिलं. काकांनी कपाळावरचा रुमाल काढला, घडी घातली आणि अंदाजाने त्याच्या दिशेने पुढे केला.

"जरा?" साहेब म्हणाला.

"दिग्दर्शन माझं होतं," काका खालच्या आवाजात म्हणाले. "थोडं वाढलं असेल."

"थोडं? मी तुमची नाडी मोजत होतो, काका! मला वाटलं, तुम्ही माझ्या हातातच..." साहेबाचे कान लालबुंद झाले होते. तो रागावला होता, पण त्याहून जास्त त्याच्या मनाला लागलं होतं. "मला फसवलंत तुम्ही. मी मघाशी खरोखर रडलो. आणि आजारी नाही, तर मग दवाखान्यात कशाला जाता?"

 मावशीचं कण्हणं तेवढं चाललं होतं. ताईने तिला कोपराने ढोसलं. मावशीने डोळे उघडले, गाडी थांबलेली पाहिली, कानटोपी काढली आणि तिच्या दृष्टीने अगदी हळू, पण आख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "उतरला का तो? पत्ते कुणी आणलेत?"

*

साहेब कँटीनमध्ये आला, तो खरं तर भांडायला आला होता. पण कोपऱ्यातलं टेबल आधीच पुसून ठेवलेलं होतं, बाबांची खुर्ची बसावी म्हणून एक बाकडं बाजूला ओढलेलं होतं, आणि कँटीनवाला ओरडला, "आज उशीर केलात! फोरमन, आठवडाभर कुणी शिव्या दिल्या नाहीत मला!" तेव्हा बाबांनी तोंडाची चांगली बाजू वर उचलून त्याला अशी काही एक अर्धवट, अस्पष्ट, पण भावनेने पूर्ण शिवी हासडली, की साहेबाला बोलायचं होतं ते राहूनच गेलं.

"बसा," शिंपीणताई त्याला म्हणाली. "उभे राहून रागावलात तर आम्हाला मान वर करावी लागते. बसून रागवा."

तो बसला. बूट चुंई वाजले. चहा आला. त्याने घेणार नाही म्हटलं आणि घेतला. ताईने पत्ते वाटले. पाचवा हात सहज त्याच्यापुढेही पडला.

"मी कामावर आहे," तो म्हणाला.

"आम्हीही," काका म्हणाले.

ती थोडी लांब, भिंगरीला मांडीवर घेऊन बसली. तिला वाटलं होतं, तो अजून उठून जाईल. पण दुसऱ्या डावात काकांनी त्याचा बदामाचा राजा मारला आणि तो नकळत "अरे यार!" म्हणाला. तिसऱ्या डावात त्याने काकांना पत्ते पिसायला दिले, आणि टेबलावरून तिघं एकदम ओरडली, "काकांना नको!" ते त्याला समजावून सांगताना ताईने राणी त्याच्या बोटाखाली धरली. "डोळे मिटून बघा. कोपऱ्यात." त्याने डोळे मिटले, बोट फिरवलं. एक टोचा, दुसरा, तिसरा.

"ही मुलगी होय काकांची," तो म्हणाला, आणि मघापासून धरून ठेवलेलं हसू त्याला आवरेना.

ते ओसरलं तशी साहेबाला आपल्या कामाची आठवण झाली. त्याने पुठ्ठा उचलला, पेन काढलं, आणि उठून तिच्या शेजारी येऊन बसला. टेबलावर डाव चालूच होता. बाबा पत्ते डाव्या हातात पंख्यासारखे धरायला धडपडत होते. दोन पडले, मावशीने उचलून दिले आणि देता देता बघूनही घेतले.

"ताई, मघाचं मी रद्द केलं," साहेब म्हणाला. "गाडी चालू राहावी असंच लिहिणार आहे. पण माझ्या वर साहेब आहेत. ते विचारणार, कशासाठी? मला इथे कारण लिहावं लागतं. दवाखाना म्हणावं, तर डॉक्टरांची चिठ्ठी लागते. बँक नाही. कचेरी नाही." त्याने पेनाचं टोक कागदावर टेकवून धरलं. "पत्ते लिहिलं तर उद्याच गाडी बंद. मन रमतं म्हणून, असं लिहिलं तर हसतील. तुम्हीच सांगा. काय लिहू?"

तिने तोंड उघडलं. इतक्या दिवसांत तिने या प्रश्नाची किती उत्तरं तयार केली होती! भांडी घासताना केली होती, सिग्नलला केली होती. बाबांचा तो पहिला शब्द. आजचे हे तीन. माणूस आहे म्हणून, हे तर केव्हाचं जिभेवर होतं. पण पेनाच्या त्या टोकाकडे पाहिलं आणि सगळी उत्तरं त्या कागदावर न मावणारी वाटली. ती म्हणाली, "थांबा हं, नीट सांगते," आणि शब्द जुळवायला लागली. साहेबही घाई करत नव्हता.

भिंगरी मांडीवरून मान मागे टाकून आईचा चेहरा उलटा बघत होती. मघापासून तिच्या कपाळावर आजोबांसारखी आठी होती.

"आई," ती म्हणाली, "परवा आपण बागेत गेलो होतो ना, घसरगुंडीवर? तेव्हा आपण का जातोय, ते तू कुणाला सांगितलं होतंस?"